बीडाचं चाक

सिद्धूचा पाय गेला त्या दिवशी तुकाबाईला राग आला नव्हता. त्या दिवशी ती नुसती धावली. माळावरून धावली, ट्रकच्या फाळक्यावरून वर चढली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पौड रस्त्यानं पुण्यापर्यंत बसून राहिली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात लुगड्यावरचं रक्त वाळून कडक झालं, तरी तिनं कुणाला एक शब्द विचारला नाही. राग आला तो आठवड्यानं. आणि तो आणून दिला हैबतरावानं, स्वतःच्या तोंडानं.

सिद्धू धनगराचा. बापाची मेंढरं कासार आंबोलीच्या माळावर चरायची, पण सिद्धूचं मन मेंढरांत कधी रमलं नाही. खाणीवरच्या खडीच्या ट्रकवर तो क्लीनर म्हणून चढला आणि ड्रायव्हर होऊन उतरला. हैबतराव त्याच गावच्या मोठ्या घरातला. माळाखालची बहुतेक भातखाचरं त्यांची. बापानं त्याला इंजिनिअर व्हायला अमेरिकेला पाठवलं, लॉस एंजेलिसला. तो परत आला तेव्हा डिग्री घेऊन आलाच, पण त्याहून मोठं एक वेड घेऊन आला. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, उभ्या जागेवरून सुटायचं आणि जो आधी पोचेल तो जिंकला. बस. वळण नाही, चढ नाही, दुसरी फेरी नाही.

तसा रस्ता माळावर आयताच होता. महायुद्धाच्या काळात लष्करानं ट्रकांच्या सरावासाठी मुरूम दाबून एक सरळ पट्टी केली होती. लष्कर गेलं, पट्टी राहिली. काटे नाहीत म्हणून मेंढरं तिच्यावर बसायची. आणि गाडीही होती. हैबतरावाच्या बापाची आठ सिलिंडरची जुनी फोर्ड गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पेंढ्याखाली पडून होती. हैबतरावाला हाताखाली माणूस हवा होता. सिद्धू खाणीवरून सुटला की शेडमध्ये जायला लागला.

दोन पावसाळे ते दोघं त्या गाडीला लागले होते. काम चालायचं आणि हैबतरावाचं तोंडही चालायचं.

"तिकडं वाळवंटात तळी आहेत, सिद्धू. पाणी नाही, नुसती घट्ट माती, परातीसारखी सपाट. लढाईच्या आधीपासून तिकडची पोरं जुन्या फोर्ड घेऊन तिथं जायची. मडगार्ड काढून टाकायचे, टप काढून टाकायचा, बॉनेट काढून टाकायचं. जे जे वजन, ते सगळं काढायचं."

"आन् मग बसायचं कशावर?"

"पाटावर."

सिद्धू हसत हसत पाना फिरवायचा.

"मग लढाई झाली. पोरं पलटणीत गेली, विमानांची इंजिनं खोलायला शिकली, परत आली. आता तळ्यापर्यंत जायला धीर कुणाला? शहरातच सुरू. एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत. पोलीस मागं लागायचे, पेपरात यायचं, गुंड आहेत हे. माणसंही मेली. मग काही शहाण्यांनी ठरवलं, बंद पडलेली विमानतळं आहेत, तिथं चला. सांता आना म्हणून गाव आहे, तिथं पन्नास साली सुरू झालं. मी गेलो तेव्हा दर रविवारी भरायचं, आपल्या जत्रेसारखं."

"पाव मैलच का पर, दादा?"

"शहरात तेवढाच रस्ता सरळ मिळायचा म्हणतात. कुणी म्हणतं, तिकडं घोडे तेवढे पळवायचे, त्यावरून."

"आता कशी अस्त्यात गाड्या?"

"आता गाडी राहिलीच नाही. दोन लोखंडी दांड्या, त्यावर इंजिन, इंजिनामागं माणूस. पुढची चाकं सायकलसारखी. मागच्या टायरला नक्षीच नाही, गुळगुळीत. काहीजण पेट्रोलही टाकत नाहीत, कसलं तरी जहाल औषध टाकतात. उभं राहिलं तर डोळ्यांतून पाणी येतं."

संध्याकाळी तुकाबाई भाकरी थापत असायची आणि सिद्धू चुलीपुढं बसून हे सगळं तिला सांगायचा. तिनं पुणंसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं, पण सांता आना तिला पाठ झालं होतं. निशाण खाली पडलं की गाडी कशी सुटते, मागची चाकं धूर कशी काढतात, हे सांगताना सिद्धू उठून उभा राहायचा. तिलाही बरं वाटायचं. खाणीवरून आलेला माणूस भिंतीला टेकून गप्प बसायचा, तो आता बोलत होता.

पानशेतचा पूर येऊन गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पहिली शर्यत झाली. पुण्याच्या कॅम्पातून लोक आले, मुंबईहून आले. कुणाची शेव्हरलेट, कुणाची प्लिमथ, एकाची लाल रंगाची विलायती गाडी. आंबोलीचं सगळं गाव पट्टीच्या कडेला उभं होतं. सिद्धूनं फोर्ड चालवली, कारण हैबतरावाचं म्हणणं होतं की गिअर टाकण्यात सिद्धूसारखा हात जिल्ह्यात नाही. सिद्धू जिंकला. मुंबईच्या एका मिलवाल्याच्या मुलानं गाडीजवळ येऊन त्याच्याशी हात मिळवला. तुकाबाईनं ते लांबून पाहिलं. गावातल्या मोठ्या घरांतल्या बायकाही पाहत होत्या. एका धनगराच्या हातात तो गोरागोमटा हात बराच वेळ होता.

हैबतरावाचं तेवढ्यावर भागलं नाही. पुढच्या खेपेला मुंबईची प्लिमथ नवं इंजिन घालून येणार होती. त्यानं क्लचमागचं जड चाक, ज्याला ते लोक फ्लायव्हील म्हणतात, ते काढून पुण्याला नेलं आणि लेथवर तासून हलकं करून आणलं. चाक हलकं तर इंजिन लवकर उसळतं. चाक होतं बीडाचं, ओतीव लोखंडाचं. तवा दगडावर पडला की वाकत नाही, फुटतो, तसलं.

माघातल्या त्या शर्यतीत सिद्धूनं पहिल्याचा दुसरा गिअर टाकला आणि गाडीच्या पोटात सुरुंग उडाल्यासारखा आवाज झाला. चाकाचे तुकडे पायाखालची फळी फोडून वर आले. एक तुकडा शेतात जाऊन पडला. बाकीचे सिद्धूच्या डाव्या पायातून गेले.

आठवड्यानं हैबतराव मोसंबी घेऊन दवाखान्यात आला. सिद्धू औषधाच्या गुंगीत होता. तुकाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. हैबतराव तिच्यापुढं उभा राहिला.

"डॉक्टर म्हणाले, गुडघा वाचला. पुढं लाकडी पाय बसवता येईल."

तुकाबाईनं मान हलवली.

"असं होतं, तुकाबाई. तिकडंही झालंय. बीडाचं चाक वेग सोसत नाही. फुटतं आणि तुकडे वर येतात. ड्रायव्हरचे पाय तिथंच असतात ना. तिकडं कितीजणांचे गेले."

"मग तिकडची लोकं काय करत्यात?"

तिनं हे सहज विचारलं. माणूस समोर उभा आहे, बोलतो आहे, तर काहीतरी विचारायचं म्हणून.

"तिकडं आता क्लचवरून पोलादी कवच घालतात. जाड पत्र्याचं. चाक फुटलं तरी तुकडे आतल्या आत राहतात. नियमच केलाय त्यांनी. कवच नसेल तर गाडी रेषेवर उभीच करू देत नाहीत."

"कवापासनं?"

"झाली की चार-दोन वर्षं."

तुकाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग भिंतीला हात लावून उठली.

"मंजी तुमाला ठावं हुतं."

"तसं नाही. पुण्यात तसला पत्रा सहजासहजी—"

"ठावं हुतं का न्हवतं?"

हैबतरावानं मोसंब्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वजन वाढतं गं. चांगलं अर्धा मण वजन वाढतं. तेवढ्यानं गाडी मागं पडते."

"आर्धा मण," तुकाबाई म्हणाली. "मग हेंचा पाय काढला ते ब्येस झालं की. तेवढंच वजन कमी झालं."

"तुकाबाई!"

"दोन पावसाळं तुमी त्येला गोष्टी सांगितल्या. तळ्याच्या सांगितल्या, पोलिसांच्या सांगितल्या. सायकलच्या चाकाची गोष्ट मलाबी ठावं हाय. आन् एवढीच गोष्ट सांगायची ऱ्हायली व्हय तुमची?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. हैबतराव खालच्या आवाजात म्हणाला, "मी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. आमच्या बंगल्यावर राखणदार म्हणून ठेवतो. बसून काम. जन्मभर."

"ती मोसंबी घ्या आन् जावा हितनं," तुकाबाई म्हणाली.

घरी आणल्यावर सिद्धू दारापुढच्या बाजेवर पडून असायचा. गुडघ्याखाली फडकं गुंडाळलेलं. तुकाबाईनं त्याला सगळं सांगितलं, एकदा नाही, रोज सांगितलं. तो ऐकायचाच नाही.

"चाक फुटलं. दादानं फोडलं का?"

"त्येला म्हाईत हुतं फुटतंय म्हणून!"

"तिकडचं तिकडं. हितं फुटंल असं कुणाला वाटलं हुतं?"

"तिकडचंच समदं हितं आणलं न्हवं? मग कवच तेवढं का ऱ्हायलं तिकडं?"

"तुका, गप." सिद्धूनं तोंड फिरवलं. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला मुंबईच्या माणसानं हात दिला न्हवता. खडीच्या ट्रकवरचा माणूस मी. दादानं मला गाडीत बसवलं. त्येला वाईट बोलू नगंस. माझ्यापुढं तरी नगंस."

तिनं हातातला तांब्या अंगणात भिरकावला. पाय नाही त्या माणसावर ओरडता येत नव्हतं, आणि ओरडल्याशिवाय राहवत नव्हतं. ती मेंढरांना विनाकारण काठी घालायची आणि मग तिचीच तिला लाज वाटायची. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच बोलणं फिरत होतं. चार-दोन वर्षं. वजन वाढतं गं. त्यातल्या त्या 'गं'नं तिच्या अंगाची लाही होत होती. घरच्या बाईला भाजीत मीठ कमी का, हे सांगावं तसं तो बोलला होता.

शिमगा झाला आणि एके दिवशी जयसिंग आला. जयसिंग हैबतरावाचा चुलतभाऊ, नुकतं लग्न झालेला, हसऱ्या तोंडाचा. सिद्धूची विचारपूस करून झाल्यावर म्हणाला, "सिद्धू, येत्या रविवारी परत शर्यत हाय. गाडी दुरुस्त झाली. मी चालवणार. गिअर कसा टाकायचा ते जरा सांग की."

सिद्धूचे डोळे चमकले. बाजेवर कोपरावर रेलून तो हातानं दाखवायला लागला, क्लच अर्धा सोडून कसं थांबायचं, निशाण हलायच्या आधी कान कुठं ठेवायचा. तुकाबाई चुलीपासून उठून बाहेर आली.

"कवच घातलं का गाडीला?"

"कसलं कवच?" जयसिंगनं विचारलं.

यालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या चुलत्याच्या पोरालाही नाही. तिनं जयसिंगला सांगितलं, जसं तिला दवाखान्यात कळलं होतं तसं, शब्दाला शब्द. जयसिंग आधी हसला.

"आवं वैनी, चाक नवं हाय. आन् दादा मला घातात घालंल व्हय? मी त्येचा भाऊ."

"हेबी त्येला दादाच म्हणत हुतं," तुकाबाई म्हणाली.

जयसिंग गेला. तुकाबाई तशीच उठून शेडवर गेली. हैबतराव गाडीखाली निजला होता, फक्त बूट दिसत होते. ती त्या बुटांशी बोलली.

"कवच घाला. मग काय ती शर्यत करा."

बूट हलले. हैबतराव बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "करायचंय. पुढच्या वर्षी करू. रविवारी लोक येणार आहेत, सगळं ठरलंय. आता ते बनवून घ्यायला वेळ नाही. आणि चाक नवं आहे, या खेपेला तासलेलं नाही."

"बीडाचंच हाय न्हवं?"

तो गाडीकडं वळला. "तू घरी जा. तुझं दुःख मला कळतं."

"तुमाला काय कळत न्हाई," ती म्हणाली.

रविवारी सकाळी माळ भरला. तंबू ठोकला होता, भोंगा लावला होता, पुण्यामुंबईच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. सिद्धू घरीच होता. कुबड्यांवर त्याला अजून माळाचा चढ चढवत नव्हता. तुकाबाई त्याला भाकरी देऊन निघाली. काय करायचं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. नुसतं बघायला जाते असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

भोंग्यावर हैबतराव बोलत होता. आधी पाहुण्यांसाठी इंग्रजीत, मग गावासाठी मराठीत. "गेल्या खेपेला जो अपघात झाला, त्यात ड्रायव्हरचा गिअर चुकला. कुणी घाबरण्याचं कारण नाही. गाडी उत्तम आहे."

ड्रायव्हरचा गिअर चुकला.

तुकाबाईला पुढचं काही ऐकू आलं नाही. लोकांना बाजूला सारत ती दोरीखालून वाकून गेली आणि पट्टीवर आली. रेषेवर दोन्ही गाड्या सुरू होत्या. डावीकडं काळी प्लिमथ, उजवीकडं उघडी फोर्ड, तिच्यात डोळ्यांवर चष्मा लावलेला जयसिंग. ती फोर्डच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. इंजिनाचा गरम वारा तिच्या लुगड्याला लागत होता.

निशाणवाला ओरडला. तंबूतून दोन माणसं धावत आली आणि त्यांनी तिचे दंड धरले.

"सोडा तिला," जयसिंग गाडीतून म्हणाला. त्यानं इंजिन बंद केलं. प्लिमथचंही बंद झालं. माळावर एकदम शांतता पसरली.

हैबतराव झपाझप चालत आला. चेहरा लाल झाला होता. "तुकाबाई, हा काय तमाशा आहे? पाहुणे आलेत. बाजूला हो."

"गिअर चुकला म्हणालासा तुमी."

"हे बघ—"

"ज्याच्यासारखा हात जिल्ह्यात न्हाई, त्येचा गिअर चुकला?" तिचा आवाज भोंग्याशिवाय सगळ्या माळावर जात होता. "समद्या गावापुढं सांगा. तिकडं अमेरिकेत कवचाबिगर गाडी हुबी करू देत न्हाईत, हे तुमाला ठावं हुतं का न्हवतं? सांगा!"

गावातली माणसं कुजबुजायला लागली. पाहुण्यांतला एकजण शेजाऱ्याला विचारत होता, बाई काय म्हणते आहे. हैबतराव दात आवळून म्हणाला, "गाडी उत्तम आहे. मी स्वतः बांधलीय. तिला काही होणार नाही."

"मग तुमी बसा."

"काय?"

"उत्तम हाय न्हवं? जयसिंगाला उतरवा. तुमी बसा आन् पळवा. मी बाजूला हुते. परत तोंड उघडायची न्हाई."

जयसिंगनं चष्मा काढला. एवढा वेळ तो दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "दादा," तो हळू म्हणाला, "कवचाचं खरं हाय का?"

हैबतरावानं तंबूकडं पाहिलं. मिलवाल्याचा मुलगा प्लिमथमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून वाट पाहत होता. सगळा माळ वाट पाहत होता.

"उतर," हैबतराव जयसिंगला म्हणाला. "बसतो की मी. त्यात काय!"

तो बसला. चष्मा लावला. इंजिन सुरू केलं आणि दोन-तीनदा दणदणीत रेस दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुकाबाई पट्टीच्या कडेला जाऊन उभी राहिली. आता चाक फुटलं तर? तिनं मनाला विचारलं. फुटावं असं वाटतं का तुला? हा प्रश्न मनात आला, याचाही तिला राग आला.

निशाण खाली पडलं. प्लिमथ मुरूम उडवत गोळीसारखी सुटली. फोर्डनं एक हिसका घेतला, पुढं गेली आणि तिथून पुढं तशीच गेली. वेग नाही, आवाज चढला नाही. पहिला गिअर, मग सावकाश दुसरा, मग तिसरा, जसं कुणी म्हातारा बाजाराला निघावा. प्लिमथ पलीकडं पोचून थांबली, धूळ खाली बसली, तरी फोर्ड अजून अर्ध्या वाटेत होती. हैबतराव ताठ बसला होता. त्याचा डावा पाय फळीवर नव्हता. क्लच सुटला की लगेच त्यानं तो पोटाशी ओढून घेतला होता. कडेच्या सगळ्यांना ते दिसलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. जयसिंग तसाच दोरी ओलांडून गर्दीत शिरला आणि कुणाशी न बोलता घरच्या वाटेला लागला.

तुकाबाईला वाटलं होतं, असं काही झालं तर राग उतरेल. तो उलट वाढला. याच्या पायाला ठाऊक होतं. जिभेनं लपवलं, पण पायाला सगळं ठाऊक होतं.

ती घरी आली तेव्हा सिद्धू बाजेवर बसला होता. भाकरी तशीच पडली होती. त्याचा चेहरा माळाकडं होता. घर उताराखालीच, इंजिनाचा आवाज तिथं स्पष्ट यायचा.

"आपली गाडी बिघडली का?" त्यानं विचारलं. "सुटली तवा ब्येस हुती. मग रडतच गेली शेवटापर्यंत. आवाज तुटत न्हवता, इंजिन ठोकत न्हवतं. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबत न्हवता कुणी. जयसिंग असं करणारा न्हाई."

"जयसिंग न्हवता."

"मग?"

"हैबतराव बसला हुता."

तुकाबाईनं माळावरचं सगळं सांगितलं. भोंग्यावरचं सांगितलं, गिअरचं सांगितलं, पोटाशी ओढलेल्या पायाचंही सांगितलं. पूर्वी तो मध्येच तोंड फिरवायचा. आज त्यानं फिरवलं नाही. तो म्हणाला, "दुसऱ्यात टाकल्यावर बी दाबलं न्हाई त्येनं. मी ऐकत हुतो. म्हटलं आता दाबंल, आता दाबंल." आणि मग त्यानं शेजारची कुबडी उचलून भिंतीवर आपटली. भिंतीचा पोपडा पडला. तुकाबाईनं ती कुबडी उचलून परत त्याच्या हाताशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मला शेडवर ने."

तुकाबाईच्या खांद्यावर एक हात आणि एका कुबडीवर भार टाकत तो चालला. वाटेत दोनदा बसला. शेडचं दार उघडं होतं. हैबतराव आत एका डब्यावर बसला होता. गाडी तशीच धुळीनं माखलेली. सिद्धूला पाहून तो उठला, त्याच्यासाठी डबा पुढं सरकवला. सिद्धू बसला नाही.

"दाबलं का न्हाई?"

हैबतराव खाली बघत होता.

"दादा, मी इचारतोय. दाबलं का न्हाई?"

"भीती वाटली," हैबतराव म्हणाला. "बसलो आणि पाय खाली ठेववेनाच. तिकडं मी एकाला पाहिलं होतं. सांता आनाला. डोळ्यांसमोर तेच येत होतं."

सिद्धू कुबडीवर वाकून त्याच्याकडं बघत राहिला. तुकाबाईला वाटलं, आता हा ओरडेल. तो ओरडला नाही. तरी तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"मलाबी वाटली असती की भीती. मला सांगितलं असतं, तर मलाबी वाटली असती. मग मी बसायचं का न्हाई ते मी ठरवलं असतं. कदाचित बसलोबी असतो. पर माझं मी ठरवलं असतं."

"सिद्धू, बंगल्यावरचं काम—"

"तुमचं काम तुमालाच ऱ्हाऊ द्या." सिद्धूनं गाडीच्या उघड्या दांडीवर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. "येत्या बाजाराच्या दिवशी पौडात, चावडीपुढं, लोकांच्या तोंडावर सांगायचं. गिअर चुकला न्हवता म्हणून. भोंगा लावून सांगितलंय, तसंच भोंगा लावून सांगायचं."

"सांगतो."

"न्हाई सांगितलं तर मी सांगीन. मला भोंगा लागत न्हाई," तुकाबाई म्हणाली.

हैबतरावानं बाजाराच्या दिवशी सांगितलं. भोंगा लावला नाही, चार माणसांपुढं हळू आवाजात सांगितलं. तुकाबाई तिथंच उभी होती. तिनं त्याला परत, मोठ्यानं सांगायला लावलं. तो निघून गेला, तेव्हा उरलेलं तिनं स्वतः सांगितलं, भाजीवाल्यांच्या ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आंबोलीच्या माळावर पुन्हा शर्यत झाली नाही. पाहुणे आले नाहीत. हैबतराव पुण्यात राहायला गेला आणि गाडी तशीच शेडमध्ये राहिली. सिद्धू लाकडी पाय लावून खाणीवर परत गेला, चालवायला नाही, ट्रकांच्या दुरुस्तीवर. तो पूर्वीसारखा बोलका राहिला नव्हता. पण गप्पही नव्हता. संध्याकाळी घरी आला की एखाद्या मुकादमावर, एखाद्या बिनब्रेकाच्या ट्रकवर, गाडी हाकून दे म्हणणाऱ्या मालकावर तो तावातावानं बोलायचा. तुकाबाई भाकरी थापता थापता त्याला शब्द पुरवायची.